टॉर्च धर

अकरा जूनला मोटर नुसतीच गुणगुणायला लागली.
फिरेना.
ओठ मिटून कुणी एकच सूर धरावा तशी,
आणि मग खटकन
भिंतीवरचा ब्रेकर पडायचा.

टूसॉनचं जूनमधलं ऊन म्हणजे
तिसऱ्या दिवशी पाणी हिरवं,
पाचव्या दिवशी तळ दिसेनासा.
आणि गुरुवारी घर बघायला तपासनीस येणार,
त्याच्या फॉर्मवर पोहण्याच्या तलावापुढे दोनच चौकोन:
चालू. बंद.

लिआंद्रोला फोन केला.
घर अजून निम्मं त्याच्या नावावर आहे म्हणून,
बाकी काही नाही.
"नवीच बसवू," तो म्हणाला, "सहाशे डॉलर. अर्धे अर्धे."
तेवीस वर्षं हेच ऐकलं.
टोस्टर, कूलर, गाडीचं मागचं दार,
नवंच आणू.
मी शाळेच्या मेंटेनन्समध्ये पंधरा वर्षं काढलीत,
तिथे नवं कुणी देत नाही.
म्हटलं, तू फक्त ये आणि टॉर्च धर.

आला. दाढी वाढवलेली. शोभत नव्हती, बोलले नाही.
पहाटे साडेपाचलाच बसलो,
सातनंतर त्या लोखंडाला हात लावता येत नाही.
मेन स्विच बंद. परत जाऊन खात्री केली.
मागचे चार स्क्रू, एकाच्या खाचेत मुंग्यांचा संसार.
कपॅसिटर काढण्याआधी त्याची दोन टोकं
लाकडी मुठीच्या स्क्रूड्रायव्हरने जोडली,
ठिणगी उडाली,
लिआंद्रो एक पाऊल मागे.
"बंद केलंस ना सगळं?"
केलं. पण याच्या पोटात साठून राहतं.

तव्यावरच्या टॉर्टियासारखा फुगला होता.
सापडलं दुखणं, मी म्हटलं,
चौदा डॉलरचा नवा बसवला,
दोघं बाजूला उभं राहून स्विच दाबला.
गुणगुण.
खटक.

तो गप्प. त्याचं हे गप्प राहणं
मला पाढ्यासारखं पाठ आहे.

मग मी ते केलं जे पहिल्यांदा करायला हवं होतं.
वीज बंद. शाफ्ट चिमटीत धरून फिरवला.
पाव इंच. अडकला.
उलटा पाव इंच. अडकला.
म्हणजे वीज बिचारी जीव तोडून ढकलत होती,
आतच काहीतरी दात रोवून बसलं होतं.

सहा बोल्ट. मोटर ओढून मांडीवर घेतली,
चांगल्या बाळसेदार पोरासारखी जड.
इम्पेलरच्या पात्यांमध्ये पालो वर्देच्या शेंगांचा
चहाच्या चोथ्यासारखा लगदा,
आणि त्यात रुतलेली एक कपची,
वाटाण्याएवढी, विटकरी.
टॉर्चचा उजेड तिच्यावर आला आणि हलेना.
काठाची फरशी. त्यानेच बसवलेली,
मुलगी तीन वर्षांची होती तेव्हा,
उन्हाळाभर शनिवार घालवून.
"त्या कोपऱ्याला सिमेंट कमी पडलं होतं," तो म्हणाला,
"मला तेव्हाच माहीत होतं."
आणि हसायलाच लागला. मग मीही.
भिंतीपलीकडून वर्नाच्या कुत्र्याने भुंकून घेतलं.

सील नवं घातलं, कडेला ग्रीस.
गाळणीच्या भांड्यात बादलीभर पाणी,
झाकण आवळलं, वरचा व्हॉल्व्ह उघडा.
आधी हवा, फुसफुसत,
मग थुंकी उडाल्यासारखं थोडं थोडं,
मग धार.
मग तो आवाज, जो रात्रंदिवस चालू असायचा
म्हणून आम्ही कधी ऐकलाच नव्हता.

कॉफी त्याने मागितली नाही, मी विचारली नाही.
कामावर गेला. टॉर्च घेऊन गेला.
टॉर्च माझी होती.

गुरुवारी तपासनीसाने "चालू"वर फुली मारली.
चाळीस सेकंदही लागले नाहीत.

ऑगस्टमध्ये इथे कोण राहायला येणार, माहीत नाही.
मोटरच्या झाकणाला आतून
मार्करने लिहून ठेवलंय:
कपॅसिटर आणि सील नवे, सतरा जून.
ईशान्येच्या कोपऱ्यातली फरशी सुटते.
गुणगुणली तर लगेच नवी आणू नका.
वीज बंद करा,
आधी हाताने फिरवून बघा.